मूळचं नसलेलं दार

मी बोलतेय. आवाज ओळखीचा वाटला नाही तर दोष माझा नाही, सायलेन्सर नवा बसवलाय. पूर्वी मी बोलायला लागले की आसपासची कुत्री उठून उभी राहायची. आता एखाद्या भिडस्त पाहुण्यासारखी आधी घसा खाकरते आणि मग बोलते.

मी एक पिकअप गाडी. पुढे तिघांना बसायला जागा, मागे सामानाला उघडा हौदा. एके काळी लोक मला खटारा म्हणायचे, मग डबडं म्हणायला लागले. हल्ली ‘व्हिंटेज’ म्हणतात. या बढतीसाठी मी काय केलं म्हणाल तर काहीच नाही, पत्र्याच्या शेडमध्ये नुसती उभी राहिले. माणसांतही काहीजण असेच मोठे होतात म्हणे. पण आपण चाकांवर उभं राहणाऱ्यांनी फार बोलू नये.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. कारखान्याच्या अंगणात आम्ही सगळ्या एका रांगेत, एका रंगाच्या. कोण मी आणि कोण शेजारची, हे मलाही सांगता आलं नसतं. पहिला पोचा पडला तेव्हा कुठे मी ‘मी’ झाले.

तो पोचा माझ्या पहिल्या मालकाचा. बटाट्याचा व्यापारी होता. त्याला माझ्याशी बोलायची एकच भाषा येत होती, लाथ. सुरू नाही झाले की लाथ, झाले की शाबासकीची लाथ. तिथून मी बाबांकडे आले.

बाबा सुतार. दारं, खिडक्या, कपाटं करायचे आणि माझ्या हौद्यात घालून घरोघर पोचवायचे. लोखंडाची गाडी सुताराच्या हाती पडली की तिचं काय होतं, ते माझ्याकडे बघून कळावं. दुसरा माणूस ज्या दुखण्यासाठी गॅरेज गाठतो, त्यासाठी बाबा रंधा उचलायचे. मधे एकदा इंजिन बदलावं लागलं, तेव्हा मात्र ते दुःखी झाले. ते लाकडाचं करता येत नव्हतं.

मग त्यांना मुलगी झाली. बाळसं असं की बाबांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, ठमी. खरं नाव शाळेत घातल्यावर लागलं, आणि तिथेच राहिलं.

ठमी रांगायला लागली आणि बाबा माझ्याकडे एकदम संशयाने बघायला लागले. इतकी वर्षं आम्ही गुण्यागोविंदाने नांदलो होतो, पण आता त्यांना माझ्यात दोषच दोष दिसू लागले. सीटमधून एक स्प्रिंग वर आली होती. त्यांनी अख्खी सीट उपटली, भंगारात दिली, आणि सागवानाची नवी केली. कडा गोल, पुढे बोटभर उंच काठ, म्हणजे पोर घरंगळायला नको. गिअरच्या दांड्याची मूठ तडकली होती, तिच्या जागी लाकडाची आली. डॅशबोर्डच्या धारदार पत्र्यावर लाकडी पट्टी आली. घासून झालं की बाबा त्यावरून कापूस फिरवायचे. कुठे एखादा धागा अडकला की पुन्हा पॉलिश पेपर. माझ्या पोटातून इतका कापूस फिरला की एखाद्या उशीलाही हेवा वाटावा.

एका गोष्टीला मात्र त्यांनी हात लावला नाही. ते चालकाच्या बाजूचं दार. बिजागऱ्या झिजल्याने ते खाली झुकलं होतं. आत बसून लावायचं तर जरा उचलायचं, आपल्याकडे ओढायचं आणि कोपराने एक ठोसा द्यायचा. बाहेरून लावायचं तर तेच, फक्त कोपराऐवजी कंबर. नुसतं आपटलं तर ते तुमच्याकडे बघत राहतं. मला विचाराल तर दारात काही दोष नाही, त्याला फक्त विचारून लावून घ्यायची सवय आहे.

ठमी चालायला लागल्यावर तिने त्या दारावर खिळ्याने माझं चित्र काढलं. गोल जमत नव्हते म्हणून चाकांऐवजी चार पाय काढले. बाबांनी डोक्याला हात लावला, खूप वेळ ते चित्र बघितलं, आणि मग कुणाच्या तरी खिडक्यांचा उरलेला हिरवा रंग त्यावर मारला. बाकी सगळी मी निळसर राखाडी आणि एक दार हिरवंगार. गिऱ्हाइकं विचारायची, “हे काय हो?” बाबा म्हणायचे, “फॅशन आहे.”

याच दारातून ठमी शाळेत गेली, कॉलेजात गेली. याच दाराला कोपर मारत ती गाडी शिकली. बाबा शेजारी बसून शिकवायचे. म्हणजे एकच वाक्य म्हणायचे, “तुला येतंय, मला कशाला विचारतेस?” आणि तिला खरंच येत होतं. भरलेला हौदा घेऊन चढावर उभी करून पुन्हा उचलायची, आणि मला मागे एक इंचही सरकू द्यायची नाही. गर्व नको करायला, पण आम्ही दोघी तेव्हा काय दिसायचो.

पुढे तिचं लग्न झालं. बाबांच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं तेव्हा त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि मी तिच्या घरी आले. म्हणजे लेकीबरोबर सासरी गेलेल्या गाईसारखीच. त्यामुळे तिचा नवरा मला जावई लागतो, आणि मी त्याला जावईबापूच म्हणते. मनातल्या मनात. तो कॉम्प्युटरवर काम करतो आणि उरलेल्या वेळात जुन्या गाड्या नव्या कशा कराव्यात याचे व्हिडिओ बघतो. स्वतः मात्र त्याने आयुष्यात एकच नट फिरवलाय, तोही उलट्या दिशेने.

आणि मग आली पिटुकली.

पिटुकली ठमीची मुलगी. पावाच्या गोळ्याएवढी, आवाज मात्र माझ्या जुन्या सायलेन्सरचा. ती आली आणि आमची ठमी, जी चढावर मला इंचभर सरकू देत नव्हती, ती घाबरट झाली. पिटुकली झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. आंघोळीचं पाणी कोपराने बघायची, मग थर्मामीटरने बघायची, मग थर्मामीटर बरोबर आहे का ते बघायला पुन्हा कोपर. खुळखुळा उकळून उकळून इतका मऊ केला की तो वाजायचाच बंद झाला.

आणि माझ्या स्टिअरिंगमागे बसायची बंद झाली.

“एकदा हिला घेऊन बाबांकडे जाऊन येईन म्हणते,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी स्वतः चालवत. ते मला न्यायचे तसं.”

“मग जा की.”

“जाणारच आहे. फक्त आधी पट्टे बसवून घेऊ. हिच्यात एकही पट्टा नाहीये.”

पट्ट्यांचं तिचं खरंच होतं. मी ज्या काळातली, त्या काळात माणसं दाराची कडी धरून देवाचं नाव घ्यायची. पण पट्टे बसवायचे तर सीट बदलायला हवी, असं मिस्त्री म्हणाला. हा मिस्त्री कोपऱ्यावरच्या गॅरेजचा. प्रत्येक प्रश्नाला त्याचं एकच उत्तर, “होऊन जाईल.” कधी, ते तो सांगत नाही. सीट बदलायची ठरल्यावर ठमीला डॅशबोर्ड टणक वाटला. मग ब्रेक जुने वाटले. मग काच खाली करायचं हॅण्डल दिसलं आणि त्यात पिटुकलीचं बोट अडकल्याचं तिला जागेपणीच स्वप्न पडलं. एक गोष्ट झाली की ती स्टिअरिंगमागे येऊन बसायची, किल्ली हातात घ्यायची, चौफेर बघायची आणि म्हणायची, “अजून एकच गोष्ट राहिलीय.”

तिच्या प्रत्येक भीतीबरोबर माझा एकेक भाग सुटत होता. मला वाईट वाटत होतं ते त्याचं नव्हतं. भाग काय, येतात, जातात. मला भीती होती ती ही, की शेवटी मी सगळी नवी होईन आणि तरी ती म्हणेल, “अजून एकच गोष्ट.”

काढलेल्या भागांचं काय करायचं? जावईबापूंनी फोटो काढून विकायला टाकले. नव्याचा खर्च जुन्यातून निघावा हा हिशेब. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ दारात हजर. मानेला मफलर, हातात भिंग. माझ्याच कारखान्यातली, माझ्याच वयाची एक गाडी त्यांच्याकडे होती आणि तिला पुन्हा जन्माच्या वेळी होती तशी करायचा त्यांनी ध्यास घेतला होता. बोलण्यात दर वाक्याला ‘अस्सल’, म्हणून या घरात त्यांचं नाव पडलं अस्सलवाले.

अस्सलवाले पारखायचे वासावर. गिअरची लाकडी मूठ त्यांनी नाकाशी धरली आणि डोळे मिटले.

“अहाहा. कारखान्याची मूळची मूठ.”

“लाकडाची असायची तेव्हा?” ठमीने विचारलं.

“ताई, तेव्हा कारखान्यात माणसं होती. आता यंत्रं आहेत. ही गोलाई यंत्राला जमेल का?”

“तेही खरंच,” जावईबापू म्हणाले. दोन व्हिडिओ बघितलेल्या माणसाने मान डोलवावी तशी त्यांनी मान डोलवली.

मी आतून ओरडत होते, की अहो, ही बाबांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून केलीय. पण माझा नवा हॉर्न असा गोड, की त्यातून काही ओरडता येत नाही. ठमीलाही ठाऊक नव्हतं. बाबांनी हे सगळं केलं तेव्हा ती कापसाचा धागा तोंडात घालायच्या वयाची होती. तिच्या आठवणीत ही मूठ, ही सीट पहिल्यापासूनच. पहिल्यापासूनचं म्हणजे मूळचं, असं तिने धरलं होतं. आपण सगळेच धरतो.

अस्सलवाल्यांनी मूठ घेतली, डॅशबोर्डची पट्टी घेतली. मग हिरव्या दाराशी आले. वाकले, हुंगलं, भिंगातून बघितलं आणि नाक मुरडलं.

“हे मूळचं नाही. रंग बघा की. कुठल्यातरी भंगारातून आणून डकवलंय.”

आता काय बोलायचं. सांगाडा सोडला तर माझ्या अंगावर कारखान्यातून माझ्याबरोबर आलेली एकमेव वस्तू म्हणजे ते दार. त्यालाच हे गृहस्थ उपरं म्हणाले. त्या दिवशी ते दार मिस्त्रीच्या हातूनही लागेना.

“दारही बदलूया?” ठमीने विचारलं.

“होऊन जाईल,” मिस्त्री म्हणाला. म्हणजे ते राहिलं.

नवी सीट आली, तिघांचे तीन पट्टे आले. खिडकीकडच्या जागेवर पिटुकलीची खुर्ची घट्ट बसवली. ठमीने ती हलवून बघितली, लटकून बघितली. मग म्हणाली, “आधी प्रयोग करून बघू.” बाजारातून तिने पिटुकलीच्या वजनाचं कलिंगड आणलं. भाजीवाल्याने गोड हवं का विचारलं, तर ही म्हणाली, “गोडीचं काही नाही, साडेआठ किलोचं द्या.”

कलिंगडाला खुर्चीत बसवलं. पट्टे आवळले. टोपडं घातलं. ऊन लागू नये म्हणून नव्हे, टोपड्याने पट्टा सरकतो का ते बघायला. पण मग ते इतकं पिटुकलीसारखं दिसायला लागलं की ठमीने नकळत त्याचं टोपडं नीट केलं. जावईबापूंनी मला गल्लीत पळवलं आणि मध्येच गच्चकन ब्रेक मारला. नवे ब्रेक. मी जागच्या जागी थांबले. कलिंगड हललंसुद्धा नाही.

“झालं?” जावईबापू खिडकीतून ओरडले. “पास?”

ठमी फुटपाथवर पिटुकलीला कडेवर घेऊन उभी होती. खूप विचार करून म्हणाली, “कलिंगडाला मान नसते.”

मग मानेची उशी आली.

त्या संध्याकाळी कलिंगड खाताना तो तिला हसून म्हणाला, “अगं, आता हिच्यात मूळचं काय राहिलं? नाव तेवढं.”

“माझ्यात तरी काय राहिलंय?” ती फोड हातात धरून म्हणाली. “केस गेले, झोप गेली, कंबर गेली. चढावर गाडी उभी करणारी एक बाई होती, ती पण कुठे गेली कुणास ठाऊक. तिचे भाग कुणी विकत घेतले ते तरी कळवा.”

तो हसला. ती हसली नाही. मी शेडमध्ये होते, पण स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते.

राहता राहिली होती जुनी सीट, बाबांची. ती न्यायला अस्सलवाले रविवारी टेम्पो घेऊन आले. तिच्या लाकडावरून हात फिरवून गहिवरले. “असं जड लाकूड. अस्सल गोष्टी जडच असतात.” जावईबापू पुढे झाले, “मी घेतो, तुम्ही सरका,” असं म्हणाले, आणि उचलली. सागवान ते. सीट टेम्पोत चढली आणि त्यांची पाठ तिथेच राहिली. अस्सलवाल्यांनी आणि ठमीने त्यांना धरून आत नेलं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर सपाट पडून राहा, काही उचलू नका, स्वतःची मुलगीसुद्धा.

आणि मंगळवारी बाबांचा मोतीबिंदू होता.

ठरलं असं होतं की जावईबापू मला घेऊन जातील आणि ऑपरेशननंतर बाबांना घरी आणतील. आता ते जमिनीवर गादी टाकून पडलेले, छताकडे बघत. मंगळवारी दुपारी दवाखान्यातून फोन आला, बाबांना न्या.

“टॅक्सी बोलाव,” जावईबापू जमिनीवरून म्हणाले.

“पिटुकलीला कुणाकडे ठेवू? तुला तर उचलता येत नाही.”

“तिलाही घेऊन जा.”

“टॅक्सीत? तिथे हिची खुर्ची नसते. मानेची उशी नसते. ब्रेक कसे आहेत कुणास ठाऊक. डॅशबोर्ड टणक.”

तो छताकडेच बघत राहिला. मग तीच हळूहळू शेडकडे वळून बघायला लागली. तिच्या सगळ्या अटींत बसणारी एकच गाडी शहरात उरली होती. तिने स्वतःच्याच हाताने केलेली.

“अजून एकच गोष्ट...” ती म्हणाली.

“कुठली?”

तिने खरंच विचार केला. काही सुचेना.

पिटुकलीला खुर्चीत बांधून ती माझ्या डाव्या बाजूने उजव्या बाजूला आली. या एवढ्या वाटेत दोनदा परत फिरून तिने पट्टे बघितले. मग हिरवं दार उघडून आत बसली आणि किल्ली फिरवली. थरथरत होती. मीही थरथरत होते, पण माझं इंजिन सुरू होतं, मला निमित्त होतं. आणि मग ती पिटुकलीकडे बघत असताना तिच्या हाताने, तिला न विचारता, दार जरा उचललं, आपल्याकडे ओढलं आणि कोपराने ठोसा दिला. खट्. दार लागलं.

ठमी एकदम थांबली. स्वतःच्या कोपराकडे बघत राहिली, जणू ते बऱ्याच दिवसांनी माहेरी आलं होतं.

पहिल्यांदा मी बंद पडले. शप्पथ, मुद्दाम नाही. दुसऱ्यांदा हिसका बसला आणि पिटुकली खदखदून हसली. हसली म्हणजे मान शाबूत आहे, एवढं तिच्या आईला पटलं. मग आम्ही निघालो. खूप हळू. एका सायकलवाल्या आजोबांनी आम्हाला मागे टाकलं आणि वर वळून काळजीने विचारलं, “काही मदत हवी का?” मागे हॉर्न वाजत होते. माझ्या तरुणपणी मी त्यांना उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मी गोड आवाजात गप्प राहिले.

दवाखान्याच्या दारात बाबा उभे. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यात अजून धुकंच. ठमीने त्यांना काही सांगितलं नव्हतं. फोनवर “गाडीची जरा डागडुजी चाललीय” एवढंच. आता बाबांना दिसत नाही याचा तिला आधी केवढा आधार वाटला, आणि लगेच त्या आधाराची लाज वाटली. दोन्ही मला दिसलं. माझा नवा आरसा फार स्वच्छ आहे.

बाबा मधल्या जागेवर बसले. पिटुकलीचा पाय चाचपून हातात घेतला, तो तिने सोडवून घेतला. मग त्यांनी श्वास घेतला. मग म्हणाले, “ही सीट कुणाची?”

“आपलीच.”

“नाही.” त्यांनी कडेवरून हात फिरवला. “काठ कुठंय?”

बाबांचा हात गिअरच्या दांड्यावर गेला. तिथे आता काळी गुळगुळीत प्लास्टिकची मूठ होती.

“आणि मूठ?”

“ती... दुरुस्तीला दिलीय.”

“लाकडाच्या मुठीला कसली गं दुरुस्ती?”

सिग्नल लाल होता. ठमीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि सगळं एका दमात सांगितलं. “बाबा, मी विकली. मूठ विकली, पट्टी विकली, रविवारी सीट पण विकली. मूळचं होतं नव्हतं ते सगळं विकलं. हिला कुठे लागेल, हिला काही होईल, सारखं तेच डोक्यात. तुमची चांगली गाडी मी भाग सुटे करून विकली आणि तरी मला भीती वाटतेच आहे.”

बाबांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते. डोळा दुखेल म्हणून पट्टीवर हात दाबून हसत होते.

“मूळचं?” ते म्हणाले. “अगं ठमे, मूळची सीट मी तू रांगायला लागलीस तेव्हाच भंगारात घातली. स्प्रिंग वर आली होती. तुला टोचली असती. ती सीट मी केली. मूठ मी केली. पट्टी मी केली, नाहीतर तू कपाळ फोडून घेतलं असतंस.”

“तुम्ही?”

“मग काय कारखान्याने? कारखान्याला काय माहीत तू येणार आहेस ते.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. ठमीने गाडी उचलली, आणि मी सांगते, तो चढ होता. मी एक इंचही मागे सरकले नाही. तिच्या लक्षातही आलं नाही, ती ऐकत होती.

“तुझी आई म्हणायची, झालं का? बसवू का पोरीला? मी म्हणायचो, थांब, अजून एवढंच राहिलंय. मग ते झालं की आणखी काही. तू चालायला लागलीस तरी मी घासतोच आहे.”

“मग शेवटी पूर्ण कधी झालं?”

“पूर्ण?” बाबांनी प्लास्टिकच्या मुठीवर थोपटलं. “कुठे झालंय? एक दिवस तुझी आई तुला घेऊन येऊन बसली नि म्हणाली, चला आता. निघालो.”

पुढच्या रस्त्यात पिटुकली झोपली. ठमीने तिच्या नाकाखाली बोट धरलं नाही. हात रिकामा नव्हता म्हणून असेल. पण घरी पोचल्यावर रिकामा झाला, तेव्हाही धरलं नाही, एवढं मी बघितलं.

बाबांची पट्टी सुटली त्यानंतर एकदा ती त्यांना घेऊन अस्सलवाल्यांकडे गेली. चालवत ठमीच होती, पिटुकली खुर्चीत. आपण माणसाला चुकीचं सांगून वस्तू विकली हे तिच्या मनाला लागलं होतं, परत घ्यायची तयारी होती. अस्सलवाल्यांच्या अंगणात माझी जुळी बहीण उभी. पोटात बाबांची सीट, हातात बाबांची मूठ. बघून मला काही वाईट वाटलं नाही. थोरलीचे कपडे धाकटीला येतात, तसं.

“ही मूळची नाही हो,” ठमी म्हणाली. “ही यांनी केलीय.”

अस्सलवाल्यांनी सीट पुन्हा हुंगली. “छे. ताई, यातलं तुम्हाला कळायचं नाही.”

“अहो, मी स्वतः केलीय,” बाबा म्हणाले.

“काका,” अस्सलवाले फार समजूतदारपणे म्हणाले, “वय झालं की असं वाटतं.”

बाबांनी तोंड उघडलं, ठमीकडे बघितलं आणि मिटलं. ठमी पदरात... नव्हे, पिटुकलीच्या टोपड्यात तोंड लपवून हसत होती.

परतताना अस्सलवाले निरोप द्यायला माझ्यापर्यंत आले आणि हिरव्या दारापाशी थबकले. ठमी ते रोज कंबरेने लावत होती, तिथला हिरवा रंग खपलीसारखा निघाला होता. खाली निळसर राखाडी आणि त्यावर खिळ्याने ओढलेली एक रेघ. अस्सलवाले भिंग घेऊन गुडघ्यावर बसले. त्यांचा आवाजच बदलला.

“हा कारखान्याचा पहिला रंग. ताई, हे दार मूळचं आहे.”

“नाही हो,” ठमी म्हणाली. “भंगारातून आणून डकवलंय. तुम्हीच म्हणाला होतात.”

“माझी चूक झाली. ताई, सगळ्या गावात असं दार दुसरं नसेल. ही मूठ परत घ्या, पट्टी घ्या, वर काय हवं ते सांगा. दार तेवढं द्या.”

“मुठीचं काय एवढं,” बाबा मध्येच म्हणाले. “तुमचा चहा होईपर्यंत मी दुसरी करतो.”

ठमी खाली बसली आणि नखाने हिरव्या रंगाची आणखी एक खपली काढली. रेघेखाली एक पाय दिसला. मग दुसरा. चाकांच्या जागी पाय असलेली मी. पिटुकली तिच्या कडेवरून ओणवी झाली आणि तिने त्या पायावर बोट ठेवलं.

“नाही, हे नाही देता येणार,” ठमी म्हणाली. “याच्याशिवाय मला गाडी चालवता येत नाही.”

अस्सलवाल्यांना हे काही समजलं नाही. मलाही पूर्ण समजलं असं नाही, पण मी गाडी आहे, मला चालतं.

आता मी रोज रस्त्यावर असते. कधी बाबांकडे, कधी बाजारात, कधी नुसतंच पिटुकलीला झोप यावी म्हणून गावाला वळसा. गिअरवर पुन्हा लाकडाची मूठ आहे, जरा लहान, कारण बाबा म्हणाले, पुढे हीच चालवणार आहे. मिस्त्री अधूनमधून विचारतो, दार सरळ करून देऊ का, होऊन जाईल. ठमी नको म्हणते.

तेव्हा मंडळी, रस्त्यात कधी भेटलात आणि ठमीने तुम्हाला सोडायची तयारी दाखवली, तर जरूर बसा. जावईबापूंना पुढे बसवू नका, ते व्हिडिओत बघितलेलं सांगतात. एवढीच विनंती, उतरताना हिरव्या दाराने उतरलात तर दार आपटू नका. आपटून ते लागत नाही. जरा उचला, आणि मग कंबरेने, मायेने, एकच ठोसा.